खुले पत्र : डोळ्यांवर पट्टी बांधायचीच असेल तर

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक व पालक-शिक्षक संघांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं आठवी ते दहावीच्या पोरांकडून मेंदूची आकृती काढून घेतली. मोठा मेंदू, लहान मेंदू, लंबमज्जा. भागांना नावे द्या, गुण चार. दरवर्षी एखादा तरी पठ्ठ्या फ्लॉवरचा गड्डा काढून त्याला बाण मारायचा. नावं बरोबर असायची, म्हणून मी गुण द्यायची. निवृत्तीनंतर पेपर तपासणं थांबलं, पण तांबडं पेन हातात घ्यायची खोड काही गेली नाही. त्या खोडीपायीच हे पत्र लिहितेय.

पत्राचा विषय आहे तुमच्या शाळांचे हॉल.

एका रविवारी सकाळी सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हीपण चला, तुमच्याच विषयाचं आहे." एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. शाळेचं नाव मी घेणार नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. हॉल खचाखच भरलेला. स्टेजवर मोठा फलक, त्यावर चमकणारा मेंदू आणि खाली ‘मिडब्रेन ॲक्टिवेशन’. दोन दिवसांचा कोर्स, फी बारा हजार, आजच नाव नोंदवलं तर दहा. सूट-बूट घातलेल्या सरांनी नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीला पुढे बोलावलं, तिच्या डोळ्यांवर काळी सॅटिनची पट्टी बांधली आणि हातात रंगीत कार्ड दिलं. मुलगी म्हणाली, "हिरवा." टाळ्या. "लाल." टाळ्या. मग तिने त्या दिवशीच्या पेपरातली हेडलाइन वाचली, तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी हात जोडले.

मी दुसऱ्या रांगेत अगदी कडेला होते. तिथून मुलगी बाजूने दिसत होती. कार्ड हातात आलं की तिची हनुवटी किंचित वर जायची, आणि कार्ड यायचं नाकाच्या शेंड्याखाली, पोटाशी. पुढच्या रांगेतला एक पालक उठून म्हणाला, "मी कपाळासमोर धरतो, वाचू दे की तिला." सर हसत म्हणाले, "समोर कुणी धरलं की ऊर्जा तुटते." पालक खाली बसला. चौतीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारलेल्या बाईला हनुवटीचा तो कोन नवा नव्हता. कॉपी करणाऱ्या पोराची मान अगदी तशीच वळते.

मी घरी येऊन बोलले. पण आजीचं कोण ऐकतं! नातू चौथीत, वर्गात मागे पडतोय अशी घरात काळजी. माझा मुलगा उद्यमनगरात लेथवर काम करतो. दहा हजार म्हणजे त्याच्या किती ओव्हरटाइमचे, ते त्यालाच ठाऊक. तरी भरले. त्या दोघांना मी दोष देत नाही. शेजारच्या पोराने केलं आणि आपण नाही केलं तर आपलं पोर मागे राहील, ही भीती आई-बापाला झोपू देत नाही. आणि कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता, म्हणजे शाळेने बघून-तपासूनच ठेवला असणार, असं सूनबाईला वाटलं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

कोर्स झाला. नातवाने घरी सगळ्यांसमोर पट्टी बांधून पत्त्यांचे रंग ओळखून दाखवले. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी घरात दोघंच असताना मी ती पट्टी मागून घेतली आणि स्वतः बांधून बघितली. नाकाच्या दोन्ही बाजूंना हरभऱ्याच्या डाळीएवढी फट. त्या फटीतून मला माझ्या लुगड्याचा काठ दिसला, फरशीची रेघ दिसली, आणि रेघेवरून चाललेली मुंगीसुद्धा दिसली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माझ्या डोळ्यांना दिसतं, तर नऊ वर्षांच्या डोळ्यांना का दिसू नये? चपातीची कणीक मळून ठेवलेली होती. त्यातल्या दोन गोळ्या घेतल्या, नातवाला पट्टी बांधली, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटी कणकेने बुजवल्या आणि हातात बदामची दश्शी दिली.

तो बराच वेळ गप्प बसला. पत्ता इकडून तिकडे फिरवला, वास घेतला. मग हळूच म्हणाला, "आज्जी, कणीक काढ की. खालनं दिसतंय तेवढंच दिसतंय."

थोड्या वेळाने: "आईला सांगू नको हं. लई पैसे भरलेत तिनं."

मग त्याने सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी मोठ्याने गाणी लावली, डोळे मिटून बसवलं, नंतर पट्ट्या बांधल्या. सर एकेकाला विचारायचे, रंग कुठला? ओळखला की चॉकलेट आणि टाळ्या. "काही दिसत नाही" म्हणणाऱ्याला परत खाली बसवायचे. ज्याचं मन स्वच्छ त्यालाच दिसतं म्हणायचे. दुपारपर्यंत सगळ्यांची मनं स्वच्छ झाली. कुणीही कुणाला फटीतून बघ म्हणून सांगितलं नव्हतं. तशी गरजच नव्हती.

आता माझ्या विषयाकडे येते. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू. मोठ्या मेंदूच्या खाली, मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाला असलेला जेमतेम दोन सेंटिमीटरचा तुकडा. तो बंद असतो आणि कोर्स करून सुरू होतो, हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. मध्यमेंदू चालू आहे की नाही हे बघायला दहा हजार लागत नाहीत. आज रात्री आरशासमोर उभं राहा, दोन्ही डोळे तळहातांनी घट्ट झाकून वीस आकडे मोजा, आणि हात बाजूला करताच बुबुळाच्या मध्यातल्या काळ्या बाहुलीकडे बघा. ती झर्रकन लहान होते. प्रकाश वाढला, बाहुली आवळा, हा हुकूम मध्यमेंदूतून सुटतो. अपघातात डोक्याला मार लागून आलेल्या माणसाच्या डोळ्यात डॉक्टर बॅटरी मारतात ते याचसाठी. मागे फटाका वाजला की मान आपोआप वळते, त्यातही हाच भाग राबतो. डोपामिन तयार करणाऱ्या काही पेशी याच तुकड्यात असतात. त्या मरू लागल्या की हात थरथरतो, पाय उचलत नाही, त्याला आपण पार्किन्सन म्हणतो. मध्यमेंदू खरोखरच बंद पडलेलं मूल कोर्सच्या खुर्चीत बसूच शकणार नाही, त्याला अतिदक्षता विभागात ठेवावं लागेल.

सर मला भेटले तेव्हा म्हणाले, "मॅडम, सायन्स खूप पुढे गेलंय." गेलंय, खरंच गेलंय. आणि माझा राग त्याचाच आहे. मेंदूबद्दल गेल्या साठ वर्षांत जे कळलंय ते त्या स्टेजवरच्या जादूपेक्षा कितीतरी चकित करणारं आहे, आणि ते सांगायला तुमच्या हॉलमध्ये कुणी येत नाही.

पट्टीचंच घ्या. अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी चांगली दृष्टी असलेल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांवर सलग पाच दिवस पट्टी बांधली. जेवताना, झोपताना, आंघोळीलासुद्धा. त्या पाच दिवसांत त्यांना ब्रेल शिकवली, म्हणजे बोटाने उंचवटे चाचपून वाचायची लिपी. 2008 साली निष्कर्ष छापून आले. डोक्याच्या मागच्या बाजूला पाहण्याचं काम करणारा मेंदूचा भाग असतो. डोळ्यांकडून काहीच येत नाही म्हटल्यावर पाच दिवसांत तो भाग बोटांच्या स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागला. आणि पट्टी सोडल्यावर चोवीस तासांत सगळं पूर्ववत. जन्मापासून अंध असलेल्या माणसांत हा भाग आयुष्यभर स्पर्शाच्या कामाला जुंपलेला सापडतो. मेंदूत रिकामी जागा फार दिवस पडून राहत नाही. शिवाजी पेठेत राहत नाही, तसंच.

यातल्या दोन गोष्टी आपल्या सरांना कुणीतरी सांगायला हव्यात. एक, ब्रेलचे ठिपके उठावाचे असतात. छापील कार्डाच्या हिरव्या रंगाला उंचवटा नसतो, तो बोटांना कळणार कसा? दुसरी मला फार आवडते. त्या संशोधकांनी पट्टीच्या आत फोटोचा कागद लावला होता. प्रकाशाची तिरीप आत गेली असती तर कागदावर डाग उमटला असता. आपण निवडलेल्या, मोठ्या, शहाण्या माणसांवरही त्यांनी विश्वास ठेवला नाही. शास्त्र म्हणजे तो फोटोचा कागद. आपल्याकडे कणीक आहे.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन मेंदूशास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात मांजराच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लाची एक पापणी जन्मानंतर काही आठवडे शिवून बंद ठेवायची आणि मग उघडायची. डोळा ठणठणीत, पडदा शाबूत, पण पिल्लाला त्या डोळ्याने दिसत नाही. ज्या आठवड्यांत मेंदू डोळ्यांकडून शिकत होता, नेमक्या त्याच आठवड्यांत या डोळ्याकडून काही निरोप आला नाही, तेव्हा दुसऱ्या डोळ्याने त्याची जागा बळकावली. मोठ्या मांजराची पापणी तितकेच दिवस बंद ठेवली तर मात्र काही बिघडत नाही. मेंदूच्या वाढीत काही दारं ठरावीक काळ उघडी असतात आणि मग हळूहळू लोटली जातात, हे यातून कळलं. क्रूर प्रयोग होता, हे वर्गात सांगताना दरवर्षी एखादी मुलगी रडायची. पण त्या पिल्लांमुळे लाखो मुलांचे डोळे वाचले आहेत. दोघांना 1981 साली नोबेल मिळालं.

ही दारं पूर्ण बंद होतात का? इथे आपल्या देशाचा वाटा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमधले प्राध्यापक पवन सिन्हा यांनी दिल्लीत ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. जन्मापासून मोतीबिंदूमुळे न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया करायची आणि दृष्टी आल्यावर मेंदू पाहायला कसा शिकतो याचा अभ्यास करायचा. 1688 साली मॉलिन्यू नावाच्या आयरिश गृहस्थाने तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्र लिहून एक प्रश्न विचारला होता: जन्मांध माणूस घन आणि गोल हाताने ओळखतो, त्याला अचानक दिसू लागलं तर नुसतं बघून तो कुठला घन आणि कुठला गोल हे सांगू शकेल का? सव्वातीनशे वर्षं विद्वान यावर वाद घालत होते. उत्तर दिलं आठ ते सतरा वर्षांच्या पाच भारतीय मुलांनी, 2011 साली. शस्त्रक्रियेनंतर लगेच विचारलं तेव्हा हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांना ओळखू येईना. पण काही दिवसांतच येऊ लागली. दार लोटलेलं होतं, कडी लागलेली नव्हती. ही दृष्टी अगदी तुमच्या-माझ्यासारखी कधी होत नाही, बारीक अक्षरं अवघड जातात. म्हणूनच जितक्या लवकर तितकं चांगलं.

आणि इथे मला माझा एक विद्यार्थी आठवतो.

पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातून एसटीने यायचा. आठवीत होता. प्रयोगशाळेत कांद्याच्या सालीची स्लाइड लावली होती. आमच्या शाळेतले सूक्ष्मदर्शक एका डोळ्याचे, जुने, पितळी बुडाचे. मी मुलांना शिकवायची, डावा डोळा भिंगाला लावा, उजवा उघडाच ठेवा, बघता बघता वहीत काढा. सगळी पोरं सुरुवातीला एक डोळा मिटायची, मग सवय व्हायची. हा मात्र दर वेळी मान वाकडी करून उजवा डोळाच लावायचा आणि वहीवर पेन्सिल भलतीकडे जायची. मी ओरडले. तो खालमानेने म्हणाला, "बाई, डाव्या डोळ्यानं नीट दिसतच नाही. पहिल्यापासनं."

मी थबकले. शाळेत दोनदा डोळे तपासणी झाली होती, दोन्ही वेळा हा पास. विचारलं तर म्हणाला, "उजव्या डोळ्यावर हात ठेवा म्हणायचे. मी बोटांच्या फटीतनं बघायचो. सगळेच बघतात, बाई."

त्याला डॉक्टरांकडे नेलं. डावा डोळा आतून ठीक होता. नंबर मात्र मोठा, आणि तो कधी दुरुस्तच झाला नव्हता. लहानपणापासून त्या डोळ्याकडून धूसर चित्र येत राहिलं, आणि मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणं सोडून दिलं. याला इंग्रजीत आळशी डोळा म्हणतात, पण आळशी बिचारा डोळा नसतोच. ह्युबेल-वीझल यांच्या मांजराची गोष्ट माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसली होती, आणि मी दरवर्षी तीच गोष्ट फळ्यावर शिकवत होते.

चार-पाच वर्षांचा असताना सापडला असता तर उपाय सोपा होता. चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. हो, पट्टी! दिवसातून ठरावीक वेळ चांगला डोळा झाकायचा, म्हणजे मेंदूला दुसऱ्या डोळ्याचं ऐकावंच लागतं. मध्यम दोष असेल तर दिवसाला दोन तासांची पट्टीही सहा तासांइतकीच गुणकारी ठरते, असं तपासून पाहिलेलं आहे. सात वर्षांच्या आत केलं तर फरक झपाट्याने पडतो. मोठेपणी पडतच नाही असं नाही, पण कष्ट जास्त आणि फळ कमी. या पोराने दहावीपर्यंत पट्टी लावली, थोडंफार सुधारलं. वडील-चुलते सगळे फौजेत, त्याचंही तेच स्वप्न. भरतीत धावण्यात पहिला आला आणि मेडिकलला बाद झाला. आता ट्रॅक्टर चालवतो. भेटला की पाया पडतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

शंभर मुलांत एखाद-दोघांच्या वाट्याला हे येतं. तुमच्या शाळेचा पट हजार असेल तर हिशोब करा. एका डोळ्याने व्यवस्थित दिसत असल्यामुळे मूल तक्रार करत नाही, कारण दोन डोळ्यांनी कसं दिसतं हे त्याला माहीतच नसतं. पालकांनाही कळत नाही. ते शोधण्याची जागा एकच: शाळा.

मेंदूबद्दल मुलांना आणि पालकांना सांगण्यासारखं पुष्कळ आहे. जन्मलेल्या बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या तुलनेत साधारण पाव ते तिसरा हिस्सा असतो आणि सहाव्या वर्षापर्यंत नव्वद टक्क्यांवर जातो. मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. पहिल्या काही वर्षांत त्यांच्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात आणि मग न वापरलेल्या छाटल्या जातात. द्राक्षाच्या छाटणीसारखं, सांगलीकडच्या बागाईतदाराला हे एका वाक्यात कळेल. कपाळामागचा भाग, म्हणजे थांब, विचार कर, मग बोल म्हणणारा, तो तर पंचविशीच्या आसपास कुठे पक्का होतो. नववीतलं पोर मूर्खासारखं का वागतं, याचं निम्मं उत्तर तिथे आहे. उरलेलं निम्मं मोबाइलमध्ये असावं, पण ते माझं मत, शास्त्र नव्हे.

तालमीतल्या वस्तादाला यातलं काही सांगावं लागत नाही. तो पोराला एकच डाव शंभरदा मारायला लावतो, कारण ज्याची मेहनत करावी तेच अंगात मुरतं हे त्याला माहीत असतं. मेंदूही तसाच. म्हणून त्या कोर्सने नातवाच्या मेंदूत काहीच बदल केला नाही असं मी म्हणणार नाही. दोन दिवस त्याच्याकडून एकाच गोष्टीची मेहनत करून घेतली गेली: दिसतंय ते दिसत नाही म्हणायचं, आणि ते ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं की गप्प बसायचं. नऊ वर्षांच्या पोराने आईला वाचवण्यासाठी खोटं बोलायचं ओझं घेतलं. त्याची फी दहा हजार.

तुमच्या हॉलमध्ये येणाऱ्या दुसऱ्या मंडळींबद्दल थोडक्यात. ‘डीएमआयटी’वाले मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेतात आणि पंचवीस पानांचा रंगीत अहवाल देतात: मूल डॉक्टर होईल की गायक, उजव्या मेंदूचं आहे की डाव्या. त्यांचा आधार असा की त्वचा आणि मेंदू गर्भात एकाच थरापासून बनतात. हे खरं आहे! पण त्याच थरापासून केस, नखं आणि दातांवरचं एनॅमलही बनतं. मग केस कापताना न्हाव्यानेही मुलाचा बुद्ध्यंक सांगायला हरकत नाही. बोटांवरच्या रेषा गर्भात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ठरतात आणि मग मरेपर्यंत बदलत नाहीत. त्या वेळी गर्भाचा मेंदू अजून गुळगुळीत असतो, त्यावरच्या ओळखीच्या वळ्या नंतर पडतात. जे कधी बदलत नाही त्यावरून जे रोज बदलतं त्याचं भविष्य कसं सांगणार? इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. आणि उजव्या-डाव्या मेंदूची टूम रॉजर स्पेरींच्या कामाचा अर्धवट अर्थ लावून निघाली. 1981च्या त्याच नोबेलचे ते तिसरे मानकरी. त्यांनी ज्यांचे दोन अर्धमेंदू शस्त्रक्रियेने वेगळे केलेले होते अशा रुग्णांवर काम केलं होतं. तुमच्या-आमच्या पोरांचे दोन्ही अर्धे एकमेकांना जोडलेले आहेत. 2013 मध्ये युटा विद्यापीठाने हजारावर मेंदूंचे स्कॅन तपासले. कुणी माणूस एकूणच उजव्या किंवा डाव्या मेंदूचा असतो, असं त्यात काही निघालं नाही.

आता हॉलकडे परत येते. मला कल्पना आहे, हॉल भाड्याने दिल्याशिवाय तुमचं लाइटबिल निघत नाही. लग्नाला द्या, साखरपुड्याला द्या, माझं काही म्हणणं नाही. हॉलमध्ये लग्न झालं म्हणून नवरा-नवरी सुखी होतील अशी हमी शाळा देते असं कुणी समजत नाही. पण मुलांच्या मेंदूबद्दलचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरवून झाला, की पालकाच्या लेखी ती शाळेची सही असते. सूनबाईने ती सही बघून पैसे भरले. 1917 साली याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे थोडी रक्कम नव्हती. शंभर वर्षांनंतर त्याच गावात पालक रांगेत उभं राहून दहा हजारांचा दंड स्वखुशीने भरतात, आणि पावती शाळेच्या आवारात फाडली जाते.

माझी मागणी छोटी आहे. असे कार्यक्रम ठरवण्याआधी तुमच्याच शाळेतल्या विज्ञान शिक्षकाला विचारा. त्याला पगार तुम्हीच देता. आयोजकाला एक अट घाला: कार्ड मुलाच्या कपाळासमोर धरायचं, आणि ते धरणारा माणूस आमचा. तेवढ्यावर निम्मे बुकिंग रद्द होतील.

आणि हॉल रिकामा झाला की एक शनिवार मला द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी-अनुदानित शाळांत येतात. त्या शाळांनी पथक आलं की पोरांना दोन मिनिटांत उरकायला लावू नये, आणि ज्या शाळा त्या योजनेत बसत नाहीत त्यांनी वाट बघू नये. बालवाडी ते दुसरी, एवढीच मुलं आधी. तक्ता माझ्याकडे आहे. अक्षरं न येणाऱ्या पोरांसाठी चारी दिशांना तोंड केलेल्या ‘ई’चा, मूल नुसतं बोटाने दिशा दाखवतं. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी नेत्रतपासनीस आहेत, त्या येतो म्हणाल्यात. संशय आला तर पोराला सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा पालकांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवू, आम्ही निदान करत बसणार नाही. मानधन नको. चहा चालेल, बिनसाखरेचा.

तुम्ही द्यायचं ते एवढंच: सहा मीटर मोकळी जागा, भिंतीवर चांगला उजेड आणि तक्ता टांगायला एक खिळा. डोळा झाकायला हात वापरायचा नाही. नातवाने आणि मी दोन दिवस बसून काळ्या पुठ्ठ्याची चाळीस झाकणं कापली आहेत, चमच्यासारखी, दांडी असलेली. प्रत्येक झाकण त्याने स्वतःच्या डोळ्यावर धरून बघितलं आणि कुठून दिसतंय का ते सांगितलं. नऊ झाकणं त्याने नापास केली.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर